उष्णतेच्या तराजूवर तोललेला व्होल्ट

घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. गंमत अशी, की बहुतेक क्षणी तिथे २३० व्होल्ट नसतातच. विजेचा दाब शून्यापासून चढत ३२५ व्होल्टच्या आसपास पोचतो, उतरतो, शून्य ओलांडून उलट्या दिशेने तेवढाच जातो आणि सेकंदाला ५० वेळा हा फेरा पुरा करतो. या साऱ्याची सरळ सरासरी काढली तर उत्तर येतं शून्य. मग २३० आले कुठून? उष्णतेतून. २३० व्होल्टची डीसी वीज गिझरच्या कॉइलला जेवढं तापवेल, तेवढंच ही चढउतार करणारी एसी वीज तापवते, म्हणून तिला २३० म्हणायचं. या किमतीला आरएमएस म्हणतात. क्षणाक्षणाच्या दाबाचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं.

साधा स्वस्त मीटर एवढे कष्ट घेत नाही. तो एसीची उलटी बाजू सुलटी करतो, सरासरी काढतो, तिला १.११ने गुणतो आणि आकडा दाखवतो. लाट गुळगुळीत साइन असेल तर हा हिशेब चोख जुळतो. लाटेचा आकार बिघडला की मीटर बिनदिक्कत खोटं बोलतो. चौकोनी लाट त्याला ११ टक्के जास्त दिसते, त्रिकोणी सुमारे ४ टक्के कमी, आणि अॅम्प्लिफायरमधली खरखर ११ टक्के कमी. स्वस्त इन्व्हर्टरवर किंवा पंख्याच्या डिमरवर असा मीटर लावून इलेक्ट्रिशियनशी भांडणाऱ्या ग्राहकाचा दोष नसतो आणि इलेक्ट्रिशियनचाही नसतो.

लाट कशीही वेडीवाकडी असली तरी खरं मूल्य सांगणारा मीटर बनवायचा, तर सगळ्यात प्रामाणिक वाट एकच होती: त्या विजेने खरोखर काहीतरी तापवायचं आणि ते किती तापलं हे पाहायचं. अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलेला ३४००ए हा व्होल्टमीटर याच वाटेने गेला. १ मिलिव्होल्टपासून ३०० व्होल्टपर्यंत १२ रेंज, १० हर्ट्झ ते १० मेगाहर्ट्झ इतका फ्रिक्वेन्सीचा पल्ला, समोर एक मोठी तबकडी आणि तिच्यामागे आरसा. आरशात काट्याचं प्रतिबिंब काट्यामागे लपलं की डोळा बरोबर समोर आहे असं समजायचं आणि मगच आकडा वाचायचा. हा मीटर पुढे अनेक वर्षं विकला गेला. आज तो विद्यापीठांच्या अडगळीच्या खोल्यांत, हॅम रेडिओवाल्यांच्या टेबलांवर आणि ध्वनियंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या फळ्यांवर सापडतो.

त्याच्या पोटातली युक्ती सुंदर आहे. आत दोन थर्मोकपल बसवलेले असतात. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की काही मिलिव्होल्टचा दाब तयार होतो. प्रत्येक सांध्याजवळ त्याला तापवणारी एकेक बारीक तार. एका तारेत मोजायची एसी वीज सोडतात, दुसरीत मीटरने स्वतः तयार केलेली डीसी. दोन्ही थर्मोकपल एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. एसीचं पारडं जड झालं की त्यांच्यातला फरक वाढवून मीटर डीसी वाढवतो आणि दोन्ही बाजू सारख्या तापेपर्यंत वाढवत राहतो. मग त्या डीसीचा आकडा काट्यावर दिसतो. थर्मोकपलचं उत्तर सरळ रेषेत वाढत नाही, वर्गाने वाढतं. पण दोघांचा स्वभाव सारखाच असल्यामुळे तो वाकडेपणा आपोआप कटतो आणि तबकडीवरचे आकडे समान अंतरावर छापता येतात.

लाटेचं शिखर तिच्या आरएमएस किमतीच्या १० पट उंच असलं तरी काटा पट्टीच्या टोकाला असतानाही हा मीटर गडबडत नाही. अरुंद, टोकदार स्पंदांच्या लहरी मोजताना या गुणाची खरी किंमत कळते. त्याचा संथपणाही कधीकधी उपयोगाचा. खरखर मोजताना डिजिटल मीटरचे शेवटचे अंक सतत नाचतात. काटा मात्र जागेवर थोडासा डुलत राहतो आणि डोळा आपोआप त्याच्या मधोमध स्थिरावतो.

मीटरच्या कागदावर अचूकता १ टक्का लिहिलेली असते, पण हा टक्का पूर्ण पट्टीचा आहे, वाचलेल्या आकड्याचा नाही, हे कित्येक जण विसरतात. शिवाय तो ५० हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ एवढ्याच मधल्या पट्ट्यासाठी आहे. पल्ल्याच्या दोन्ही टोकांना तो ५ टक्क्यांवर जातो. १ व्होल्टच्या रेंजवर काटा ०.१ला असेल तर ०.०१ व्होल्टची मुभा म्हणजे तब्बल १० टक्के. म्हणूनच रेंज १, ३, १०, ३० अशा जवळजवळ ठेवलेल्या असतात, म्हणजे काटा पट्टीच्या वरच्या भागात आणता येतो. न्यू जर्सीच्या बॅलंटाइन कंपनीने या अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता. तिच्या मीटरची पट्टीच लॉगरिदमिक होती, त्यामुळे काटा कुठेही असला तरी टक्केवारी तीच राहायची. दिसायला विचित्र, पण विचार पक्का.

१ टक्का ज्यांना पुरत नव्हता त्यांच्यासाठी फ्ल्यूक कंपनीचे डिफरन्शियल व्होल्टमीटर होते. ९३१बी या मॉडेलवर आकडे फिरवायच्या खुंट्यांची रांग असते. मापणारा माणूस एकेक अंक बसवत जातो आणि शेजारचा छोटा काटा शून्यावर आला की खुंट्यांवरचा आकडा म्हणजे उत्तर. अचूकता सुमारे ०.०५ टक्के. याच कंपनीचं ५४०बी हे यंत्र तर स्वतः व्होल्ट सांगतही नाही. एसी आणि डीसी यांनी सारखीच उष्णता दिली की नाही, एवढंच ते सांगतं, आणि ०.०१ टक्क्यापर्यंत खरं सांगतं.

या विषयाचा गाभा नेमका इथे आहे. एसी व्होल्टला फार काळ स्वतःचं मूळच नव्हतं. तो डीसीकडून उसना घ्यावा लागे. डीसीचं मूळ आधी १८९३ साली एडवर्ड वेस्टन यांनी शोधलेल्या सेलमध्ये होतं. तो सेल २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०१८ व्होल्ट देई आणि वर्षानुवर्षं देत राही. पुढे १९६२ साली केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या ब्रायन जोसेफसन या तरुणाने भाकीत केलं, की अतिवाहक धातूंच्या दोन थरांमध्ये अतिपातळ अडसर असेल तर त्याच्यावरचा दाब आणि फ्रिक्वेन्सी यांचं नातं निसर्गानेच ठरवून दिलेलं असतं. १ गिगाहर्ट्झला सुमारे २.०७ मायक्रोव्होल्ट. असे हजारो सांधे ओळीने जोडून द्रवरूप हेलियममध्ये बुडवले की १० व्होल्ट मिळतात आणि ते दिल्लीतल्या, ब्राउनश्वाइगमधल्या किंवा वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सारखेच भरतात.

१ जानेवारी १९९०पासून जगभर या नात्याचा एकच आकडा वापरायचं ठरलं. तेव्हा अमेरिकेचा व्होल्ट दशलक्षात ९.२६ भागांनी सरकवावा लागला. तिथल्या प्रयोगशाळांमधली उत्तम डीसी यंत्रं नव्या व्होल्टशी जुळवून घ्यावी लागली. २० मे २०१९ला एककांची व्याख्या पुन्हा बदलली, तेव्हाचा फरक दशलक्षात जेमतेम एक दशांश होता. टेबलावरच्या एसी व्होल्टमीटरांना यातलं काहीही कळलं नाही. एक टक्का म्हणजे दशलक्षात दहा हजार भाग. त्यांच्या दृष्टीने नऊ भाग म्हणजे काहीच नाही.

डीसीवरून एसीकडे यायचा पूल मात्र उष्णतेचाच राहिला. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फ्रान्सिस हरमॅक यांनी १९५२ साली थर्मल कन्व्हर्टरवर जे काम प्रसिद्ध केलं, त्याने हा पूल पक्का केला. निर्वात काचेच्या इवल्याशा फुग्यात एक तापवायची तार, तिच्या मध्यावर सिरॅमिकचा मणी आणि मण्याला चिकटलेला थर्मोकपल. एका नेहमीच्या नमुन्यात तारेचा रोध ९० ओहम, तिच्यातून ५ मिलिअँपिअर प्रवाह आणि थर्मोकपलवर सुमारे ७ मिलिव्होल्ट. एवढ्याशा ऐवजावर कित्येक देशांच्या एसी व्होल्टची भिस्त होती.

भारतात ही साखळी नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपासून सुरू होते. तिथून प्रमाणं उतरतात एनएबीएलने मान्यता दिलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांकडे आणि तिथून कारखान्यांच्या, महाविद्यालयांच्या, छांदिष्टांच्या टेबलांवर. मुंबईत अंधेरीला केंद्र सरकारची ईआरटीएल ही प्रयोगशाळा याच कामासाठी आहे. साखळीची प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा थोडी ढिली असते. म्हणून जुना संकेत असा, की तपासणारं यंत्र तपासल्या जाणाऱ्यापेक्षा निदान चौपट अचूक हवं.

आता म्हातारपणाकडे वळू. असा मीटर पुण्याच्या जुन्या बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या गल्लीत किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात हाती लागला, तर पहिला मोह असतो तो प्लग लावून काटा हलतो का ते पाहण्याचा. तो आवरावा. अमेरिकेतून आलेल्या यंत्राच्या पाठीमागे ११५ आणि २३० असा बदलायचा स्विच असतो आणि तो पुष्कळदा ११५वरच असतो. मुंबईच्या २३० व्होल्टवर तसाच लावला तर फ्यूज उडतो. आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी तार गुंडाळून ठेवली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो.

दुसरा धोका दिसायला निरुपद्रवी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक यंत्रांत मेन्सच्या गाळणीला रिफा या स्वीडिश बनावटीचे मधाच्या रंगाचे कागदी कपॅसिटर असत. वर्षं गेली की त्यांच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, हवेतली ओल आत शिरते आणि एके दिवशी वीज लावल्यावर फट् आवाज होऊन खोली घाणेरड्या धुराने भरते. तडे दिसले की तो कपॅसिटर काढून टाकायचा, त्यावर चर्चा नको. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात. टँटलमचे मणी अचानक शॉर्ट होतात. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टर ओल पिऊन आपली किंमत वाढवत नेतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात दोन-चार पावसाळे उघड्या फळीवर काढलेल्या यंत्राच्या रेंज स्विचवर काळपट थर चढतो आणि मग रेंज बदलली की आकडाही बदलतो. कधी इकडे, कधी तिकडे. हा दोष फार फसवा असतो, कारण खुंटी दोनदा फिरवली की तो तात्पुरता बरा होतो.

३४००एच्या काही खास व्याधी आहेत. दोन थर्मोकपलमधला अगदी लहान फरक वाढवण्यासाठी त्यात प्रकाशावर चालणारा चॉपर बसवलेला असतो. निऑनचे छोटे दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि त्यांच्या उजेडाने प्रकाशसंवेदी रोधक उघडझाप करतात. दिव्यांच्या काचा आतून काळ्या पडतात, रोधक मंदावतात आणि काटा आळशी होतो. अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत पहिल्या टप्प्याला न्यूव्हिस्टर नावाची अंगठ्याच्या नखाएवढी धातूची व्हॅक्युम ट्यूब होती. ती आता कुणी बनवत नाही. सगळ्यात नाजूक मात्र थर्मोकपलच. ठरवून दिलेल्या प्रवाहापेक्षा फार जास्त प्रवाह गेला की ती केसाएवढी तार वितळते आणि जोडीतला एक गेला की त्याच्या स्वभावाचा दुसरा शोधणं जिकिरीचं. दाता यंत्र मिळवून त्याच्यातून जोडी काढायची, हाच व्यवहार्य उपाय.

काट्याचे आजार वेगळे. प्लास्टिकच्या झाकणाला कोरड्या फडक्याने चकचकीत पुसलं, की त्यावर स्थिर वीज साठते आणि काटा मधेच अडकल्यासारखा उभा राहतो. माणूस मीटर बिघडला म्हणून हळहळतो, प्रत्यक्षात दोष फडक्याचा. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी हलकेच फिरवलं की काटा सुटतो.

एवढं सगळं असूनही ही यंत्रं दुरुस्त होतात याचं मोठं श्रेय त्या काळच्या मॅन्युअलांना जातं. ह्यूलेट-पॅकार्डच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, प्रत्येक भागाची यादी, कुठल्या टोकावर किती दाब हवा याचे आकडे, आणि सर्किट कसं चालतं याचं सलग, समजेल असं वर्णन असे. आजच्या कित्येक उपकरणांसोबत येणारी चौदा भाषांतली सुरक्षेची पुस्तिका पाहिली की या मॅन्युअलांविषयीचा आदर वाढतो.

नंतरच्या डिजिटल मीटरांचं म्हातारपण आणखी क्रूर आहे. ह्यूलेट-पॅकार्डचा ३४७८ए हा मीटर आपलं कॅलिब्रेशन स्क्रूवर ठेवत नाही, आकड्यांच्या रूपात स्मृतीत ठेवतो आणि ती स्मृती एका लिथियम बॅटरीच्या आधाराने जिवंत असते. बॅटरी संपली की सर्किट ठणठणीत असूनही मीटरला स्वतःची ओळख उरत नाही. १९८९चा ३४५८ए हा अजूनही अनेक प्रयोगशाळांचा लाडका मीटर. त्याच्या जुन्या नमुन्यांत बॅटरी चिपच्या पोटातच आहे आणि निर्मात्याने त्या चिपचं आयुष्य साधारण १० वर्षं धरलेलं. जाणते मालक बॅटरी मरायच्या आधी संगणक जोडून स्मृतीतले आकडे उतरवून घेतात आणि मग नवी चिप बसवतात. काट्याचा मीटर हळूहळू बिघडतो. हे मीटर शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम चालतात आणि एका रात्रीत सगळं विसरतात.

दुरुस्ती झाली. आता कॅलिब्रेशन. बहुतेकांची समजूत अशी, की प्रयोगशाळेत यंत्र दिलं की तिथले लोक ते पिळून-फिरवून बरोबर करून देतात. तसं नसतं. कॅलिब्रेशन म्हणजे तुलना. ज्ञात दाब दिला, यंत्राने काय दाखवलं ते लिहिलं, सोबत त्या तुलनेतली अनिश्चितता लिहिली, एवढंच. स्क्रू फिरवणं हे निराळं काम, आणि ते करायचं की नाही हे मालकाने ठरवायचं. जुन्या यंत्राच्या बाबतीत न फिरवणंच पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

कारण असं. तार गुंडाळून केलेले चांगले रेझिस्टर पहिल्या काही वर्षांत जास्त सरकतात, मग त्यांचं सरकणं मंदावत जातं. ४० वर्षांचा रेझिस्टर नव्यापेक्षा स्थिर असू शकतो. तो आदर्श किमतीपासून दूर असेल, पण तिथेच ठाण मांडून बसलेला असतो. १० व्होल्टला यंत्र दरवर्षी ०.३ टक्के जास्त दाखवत असेल तर तो दोष उरतच नाही, वजा करायचा आकडा होतो. उलट दरवर्षी कुणी स्क्रू फिरवून काटा बरोबर १०वर आणला, तर यंत्र स्वतः किती सरकलं हे कधीच कळत नाही. ज्याची दहा वर्षांची नोंद आहे असा जुना मीटर कालच चमकदार स्टिकर लावून आलेल्या मीटरपेक्षा जास्त विश्वासू, कारण उद्या तो कुठे असेल याचा अंदाज करता येतो. म्हणून प्रमाणपत्रावर दोन रकाने मागून घ्यावेत: यंत्र आलं तेव्हाचे आकडे आणि काही फिरवलं असल्यास नंतरचे. पहिला रकाना नसलेलं प्रमाणपत्र म्हणजे निम्मे पैसे वाया.

प्रयोगशाळा निवडताना तिच्या मान्यतेची व्याप्ती वाचायला हवी. मान्यता आहे एवढं पुरत नाही. कुठल्या दाबाला आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला, किती अनिश्चिततेने, हे तिथे ओळीवार दिलेलं असतं. ५० हर्ट्झला २३० व्होल्ट तपासून देणारी प्रयोगशाळा १ मेगाहर्ट्झला १० मिलिव्होल्ट तपासू शकेलच असं नाही, आणि ३४००एचा सगळा दिमाख तर त्या दुसऱ्या टोकाला आहे.

प्रत्यक्ष तुलना कशी होते, हे पाहण्यासारखं आहे. थर्मल कन्व्हर्टरवर आधी एसी दाब द्यायचा, मिनिटभर थांबायचं आणि थर्मोकपलचं उत्तर टिपायचं. मग तिथेच डीसी द्यायचा आणि उत्तर तेवढंच येईपर्यंत कमीजास्त करायचा. पण डीसीची एक खोड आहे: एका दिशेने दिला तर तार जरा वेगळी तापते, उलट्या दिशेने जरा वेगळी. म्हणून डीसी दोन्ही दिशांनी देऊन सरासरी घेतात. मग शेवटी पुन्हा एसी, मधल्या काळात काही सरकलं नाही ना हे पाहायला.

कामाची बारीकी आकड्यांत पाहावी. थर्मोकपलचं उत्तर वर्गाने बदलतं. म्हणजे दाबातला दशलक्षात १० भागांचा फरक उत्तरात २० भागांचा होतो. ७ मिलिव्होल्टचे दशलक्षात २० भाग म्हणजे ०.१४ मायक्रोव्होल्ट. तांब्याची तार आणि दुसरा धातू यांच्या कुठल्याही सांध्यावर एका अंशाच्या फरकाने काही मायक्रोव्होल्ट सहज तयार होतात. थोडक्यात, जोडणीला बोट लागलं तरी त्या बोटाची ऊब शोधत असलेल्या फरकाला गिळून टाकते. हे काम करणारे लोक जोडण्या करून हात मागे घेतात, पंखा बंद करतात आणि तापमान सगळीकडे सारखं होईपर्यंत गप्पा मारतात. फ्ल्यूकने पुढे एकाच चिपवर रोधक आणि ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून नवा उष्णतामापक केला. ७९२ए या यंत्रात त्याचं उत्तर थेट २ व्होल्टचं येतं आणि या बोटाच्या उबेपासून बरीच सुटका होते.

वरच्या फ्रिक्वेन्सीला शत्रू बदलतो. मीटरवर १० मेगओहम लिहिलेलं असतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण मीटरच्या तोंडाशी असलेली २५ पिकोफॅरडची धारकता १ मेगाहर्ट्झला सुमारे ६.४ किलोओहमसारखी वागते. त्यात मीटरभर कोअॅक्स केबल जोडली, की आणखी सुमारे १०० पिकोफॅरड येतात. कुठे गेले १० मेगओहम? म्हणून प्रमाण आणि मीटर टी आकाराच्या एकाच जोडणीला, शक्यतो केबल न लावता जोडतात, आणि दाब त्या टीच्या मधोमध किती आहे याचाच हिशेब धरतात. बाकी पथ्यं साधी: यंत्र आधी तासभर चालू ठेवायचं, खोली २३ अंशांच्या आसपास ठेवायची, आणि जो मीटर टेबलावर उभा वापरायचा तो उभाच तपासायचा, कारण आडवा केला की काट्याचा तोल थोडा बदलतो.

हे सगळं घरी करायचं तर? थर्मल कन्व्हर्टर नसला तरी एक गमतीदार वाट उपलब्ध आहे. चांगला, माहितीतला डीसी दाब घ्यायचा आणि इलेक्ट्रॉनिक स्विचने त्याची दिशा सेकंदाला हजार वेळा उलटसुलट करायची. अशी चौकोनी लाट तयार झाली की तिचा आरएमएस दाब मूळच्या डीसीएवढाच, कारण वर्ग केल्यावर उणे-अधिक सारखंच. लाटेच्या कडा अगदी उभ्या नसतात. प्रत्येक कड ५० नॅनोसेकंदांची धरली तर चूक येते दशलक्षात सुमारे ३३ भाग. ०.०५ टक्के म्हणजे ५०० भाग, तेव्हा ९३१बीसारख्या यंत्रालाही हे प्रमाण चालून जातं. सरासरीवाल्या मीटरला ही लाट ११.०७ टक्के जास्त दिसायला हवी आणि तेवढीच दिसली तर तोही परीक्षेत पास. स्विचच्या टोकांवर टोकदार उसळ्या येत नाहीत ना, हे मात्र ऑसिलोस्कोपवर पाहून घ्यावं लागतं.

दुसरी वाट गणिताची. ह्यूलेट-पॅकार्डच्या रॉन स्वेर्लीन यांनी १९९१ साली दाखवलं, की ३४५८एसारख्या मीटरचं डीसी मापन पुरेसं वेगवान आणि अचूक असेल, तर लाटेचे भराभर नमुने घेऊन आरएमएस थेट आकडेमोडीने काढता येतो आणि कमी फ्रिक्वेन्सीला तो दशलक्षात १० भागांपर्यंत बरोबर येतो. तार तापवायची गरजच नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये आता जोसेफसन सांध्यांतूनच एसी लाट घडवतात, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सींना एसी व्होल्टला अखेर स्वतःचं मूळ मिळालं आहे. शंभर किलोहर्ट्झच्या पुढे गेलं की मात्र नमुने घेणारी यंत्रं दमू लागतात, आणि मेगाहर्ट्झच्या मुलखात एसी व्होल्ट आजही प्रामुख्याने तापलेल्या तारेनेच मोजला जातो.